१६एस ९९.४ टक्के आलं, मग हा "नवीन स्ट्रेन" म्हणायचा का?

भाट्येकरीण

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एम.एस्सी. मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट आहे खाडीतल्या शिंपल्यांमधले व्हिब्रिओ (खाऱ्या पाण्यातले जंतू, कॉलऱ्याचा जंतू याच वंशातला). मे महिन्यात ओहोटी बघून भाट्ये खाडीत उतरले, तिथे ज्या बायका तिसऱ्या काढतात त्यांच्याकडून पिशवीभर घेतल्या (पैसे घेईनात, उलट विचारत होत्या एवढ्या तिसऱ्या नेतेस आणि वाटण घालणार नाहीस म्हणजे काय), लॅबला आणून गर काढला, अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी टीसीबीएसवर (व्हिब्रिओसाठीची खास अगर प्लेट) लावला. प्लेट पिवळ्या कॉलन्यांनी भरून गेली होती, मधेमधे हिरव्या. त्यातली एक ठसठशीत हिरवी उचलली, नाव ठेवलं बीटी-७.

ग्राम निगेटिव्ह, किंचित वाकडी दांडी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. मीठ नसेल तर वाढत नाही, ३ टक्के आणि ८ टक्के मिठात मस्त वाढते, १० टक्क्यांतही थोडी गढूळ झाल्यासारखी वाटली. व्हीपी टेस्ट (जंतू ओळखायची रंगाची टेस्ट, पॉझिटिव्ह म्हणजे लाल) हलकी गुलाबी, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही. मग १६एस (ज्या जनुकाची अक्षरं वाचून जंतू ओळखतात ते) करायला पुण्याला पाठवलं, त्याचा रिपोर्ट आता आला. व्हिब्रिओच्याच तीन जातींशी जुळतंय: पॅराहिमोलिटिकसशी ९९.४, अल्जिनोलिटिकसशी ९९.३ आणि हार्वेयीशी ९९.१.

आता मुद्दा असा की गाइड म्हणतात १०० टक्के जुळत नाहीये ना, मग ०.६ टक्के वेगळा आहे म्हणजे नवीन स्ट्रेन, शीर्षकात टाक "कोकण किनाऱ्यावरील नवीन रोगकारक स्ट्रेन". पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे. मला आतून काहीतरी खटकतंय पण नक्की काय ते सांगता येत नाही आणि व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर येऊन फाडणार याची भीती. नवीन स्ट्रेन कधी म्हणायचा? आणि रोगकारक म्हणायला काय लागतं? कुणी या कामातलं असेल तर सांगा प्लीज.

दर्यावर्दी_क्यूसी

ताई, एकच प्रश्न आधी. ती कॉलनी उचलल्यावर परत टीसीबीएसवर स्ट्रीक केलीस का? किती वेळा?

भाट्येकरीण

नाही... डायरेक्ट मिठाच्या न्यूट्रियंट अगर स्लँटवर घेतली आणि सगळ्या टेस्ट त्यातून केल्या.

दर्यावर्दी_क्यूसी

वाटलंच. मी मासळी एक्स्पोर्टच्या युनिटात क्यूसी बघतो, कोळंबी माकूल जे जाईल त्याचं, व्हिब्रिओ रोजचाच. पिवळ्या गर्दीतून उचललेली हिरवी कॉलनी कधीच एकटी नसते, खाली पिवळीचा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसत नाही. निदान तीन वेळा सुट्टी कॉलनी घेऊन परत परत रेघायची, दरवेळी सगळ्या एकसारख्या हिरव्या आल्या तरच तिला आयसोलेट म्हणायचं, तोपर्यंत ते मिक्स्चर. तुझ्या टेस्टच ओरडून सांगतायत. पॅराहिमोलिटिकस १० टक्के मिठात वाढत नाही आणि व्हीपी चक्क निगेटिव्ह असतो, अल्जिनोलिटिकस दोन्हीत पॉझिटिव्ह आणि टीसीबीएसवर पिवळा. तुझं "थोडं गढूळ, हलकं गुलाबी" म्हणजे दोघांची सरासरी वाटते मला.

आणि १६एसबद्दल. डीएनएची साधारण १४५० अक्षरं वाचली असतील तर ०.६ टक्के म्हणजे जेमतेम नऊ अक्षरं. ती नऊ कुठे आहेत ते बघितलंस का? रिपोर्टबरोबर क्रोमॅटोग्रामची (प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख) फाइल येते ती उघड, नुसती अक्षरांची फाइल बघून काही कळत नाही. सुरुवातीची आणि शेवटची पन्नासेक अक्षरं तशीही भरवशाची नसतात, कापून टाकायची असतात, कित्येक लोक कापत नाहीत आणि तिथल्याच चुका मग "नवीन" म्हणून मिरवतात. मधल्या भागात एकाच जागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर समज की डबल वाचन झालंय. ते मिक्स कल्चरमुळे होतं, पण शुद्ध कल्चरमध्येही थोडं होऊ शकतं, कारण या जंतूत १६एसच्या प्रती अनेक असतात, जपानी लोकांनी २००३ साली ज्याचा पूर्ण जिनोम काढला त्या स्ट्रेनमध्ये अकरा आहेत आणि सगळ्या अक्षरशः सारख्या असतीलच असं नाही.

तिसरं म्हणजे पॅराहिमोलिटिकस, अल्जिनोलिटिकस, हार्वेयी, कॅम्पबेली ही सगळी सख्खी चुलत भावंडं, १६एसवर त्यांची तोंडं इतकी सारखी की ९९.४ आणि ९९.३ मध्ये निवड करणं म्हणजे एकाच वाडीतल्या दोघांना आडनावावरून ओळखण्यासारखं. १६एस तुला वाडी सांगतं, घर नंबर नाही. स्ट्रेनपर्यंत तर ते पोचतच नाही.

निवृत्त_जंतुवाला

वरच्या दर्यावर्दींनी कामाचं सांगितलं आहे, मी जरा शब्दांचं सांगतो, कारण खरा गोंधळ तिथे आहे. चाळीस वर्षं याच धंद्यात होतो, आता देवरूखला नारळ मोजतो.

बेटा, तू प्लेटवरून उचललेला आणि शुद्ध केलेला प्रत्येक जंतू हा आयसोलेट. त्याला नंबर दिलास, जपून ठेवलास, त्याचे गुणधर्म लिहिलेस की तो झाला स्ट्रेन. म्हणजे या अर्थाने तुझा बीटी-७ नवीन स्ट्रेन आहेच, बीटी-८ पण आहे, उद्या मांडवी जेट्टीवरून आणशील तो पण. म्हणून नुसतं "नवीन स्ट्रेन सापडला" या वाक्यात काही बातमी नाही, आज सकाळी समुद्रावर नवीन लाट आली म्हणण्यासारखं आहे ते. बातमी कधी होते? नवीन प्रजाती असेल तेव्हा, किंवा आधी कधी न दिसलेला सिरोटाइप (कुठल्या सीरमशी गुठळी होते त्यावरून पाडलेला प्रकार) वा सीक्वेन्स टाइप (जनुकांच्या अक्षरांवरून पाडलेला प्रकार) असेल तेव्हा, किंवा जुन्याच जंतूने नवीन हत्यार उचललं असेल तेव्हा. तिघांचे पुरावे वेगवेगळे.

नवीन प्रजातीचं तर डोक्यातून काढूनच टाक. १६एस साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तरच तो विचार सुरू करायचा, मग अख्खा जिनोम काढून जवळच्या भावंडांशी तुलना, तिथे सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली पाहिजे, मग नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन कल्चर कलेक्शनमध्ये जमा करायचा (आपल्याकडे चंदीगडला आणि पुण्याला आहेत), आणि मग कुठे रीतसर नाव छापून येतं. तुझं ९९.४ आहे. तो दरवाजा बंद.

खरी नवी गोष्ट कशी दिसते ते सांगतो. कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, त्याच्या अंगावरच्या ओ अँटिजेनवरून गट पाडतात. साथ आणणारा म्हणून कित्येक दशकं फक्त ओ१ माहीत, त्याचे ओगावा आणि इनाबा असे सिरोटाइप, बाकीचे सगळे "नॉन-ओ१" म्हणून एका टोपलीत टाकलेले, साथ करत नाहीत असा समज. १९९२ च्या शेवटी मद्रासकडे आणि मग बंगालमध्ये पेशंट यायला लागले, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, मोठी माणसंसुद्धा भराभर कोरडी पडतायत, म्हणजे अगदी पुस्तकातला कॉलरा, आणि स्लाइडवर ओ१ चं सीरम टाकलं तर गुठळ्याच होईनात. तोवर १३८ ओ गट माहीत होते, एकाचंही सीरम लागेना. म्हणून याला नंबर पडला ओ१३९, टोपणनाव बंगाल. पुढे जनुकं बघितल्यावर कळलं की हा कुणी परका नाही, ओ१ मधला आपला एल टॉर नावाचा प्रकारच आहे, ओ अँटिजेन बनवणारा तुकडा तेवढा बदललेला, म्हणजे माणूस तोच, कोट बदलला. आणि मोठी माणसं आजारी का पडली तर जुन्या कोटाची ओळख शरीराला होती, नव्याची नव्हती. मी तेव्हा मुंबईत होतो, लॅबमध्ये दुसरा विषयच नव्हता.

बघ, तिथे "नवीन" म्हणायला काय काय होतं. पेशंट होते, शुद्ध कल्चर होतं, सगळ्या जुन्या सीरमशी तुलना करून झाली होती. आधी तुलना, मग नाव.

पेडवेप्रेमी

माका एक सांगा, ह्या सगळ्या वाचून तिसरे खावचे काय नाय? आज बाजारात चांगले इलेहत.

दर्यावर्दी_क्यूसी

खावा हो काका, खुशाल खावा. नीट उकळलं की व्हिब्रिओ जगत नाही. घोळ होतो तो कच्च्याच्या पाण्याने. विळीवर कच्च्या तिसऱ्या उघडायच्या आणि त्याच विळीवर न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरायचा, किंवा शिजवलेलं सुकं कच्च्याच्याच टोपात काढून ठेवायचं आणि वर दुपारभर झाकून ओट्यावर, मे महिन्याच्या उकाड्यात. हा जंतू फार वेगाने वाढतो, दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, तीन-चार तासांत काय होईल गणित करा.

पेडवेप्रेमी

गणित नको, विळी धुतंय.

कुडाळची_लॅबवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, संशोधन वगैरे नाही, पण पेशंटच्या बाजूचं सांगते कारण "रोगकारक" हा शब्द आमच्याकडून यायला हवा.

अगं, आमच्याकडे जुलाबाचा पेशंट आला की पहिली गोष्ट म्हणजे सॅंपल येतच नाही, ओआरएस आणि सलाईनवर माणूस दोन दिवसांत उठतो (आणि उठायलाच पाहिजे, उपचाराला स्ट्रेन लागत नाही, पाणी लागतं). आलं तरी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेल्यावर येतं. आणि कल्चर लावलंच तर मॅकॉन्कीवर (जुलाबाच्या नेहमीच्या जंतूंची प्लेट), तिथे व्हिब्रिओ फिकट कॉलनी देतो आणि बाकीच्या फिकट गर्दीत हरवतो. टीसीबीएस कुणी ओतून ठेवत नाही, महाग आहे आणि टिकत नाही. म्हणून कोकणात मासळी खाऊन होणाऱ्या जुलाबात पॅराहिमोलिटिकस किती हे आमच्या रजिस्टरवरून कधीच कळणार नाही, रजिस्टरमध्ये नाही म्हणजे गावात नाही असं नव्हे.

तुझ्यासाठी दोन सूचना. ऑक्सिडेज टीसीबीएस किंवा मॅकॉन्कीवरची कॉलनी घेऊन करू नकोस, साखर आंबवल्यामुळे खोटं निगेटिव्ह येतं, साध्या अगरवरून कर (तू स्लँटवरून केलीस ते बरोबर). आणि सगळ्या बायोकेमिकलमध्ये मीठ घातलंस का? बिनमिठाच्या नळीत हा जंतू उपाशी बसतो आणि तू लिहितेस निगेटिव्ह. माझ्याकडे एक ट्रेनी मुलगी होती, तिने सगळं निगेटिव्ह आलं म्हणून "अनोळखी जंतू" लिहून ठेवलेलं, मीठ घातल्यावर ओळखीचा निघाला :)

बाकी विडालवरून (टायफॉइडची रक्ततपासणी) टायफॉइडचे सिरोटाइप विचारणारे डॉक्टर पण आहेत आमच्या भागात, त्यावर मी बोलतच नाही.

भाट्येकरीण

बापरे, एवढं सगळं. मीठ इंडोल आणि व्हीपीमध्ये घातलं होतं, डिकार्बोक्सिलेजमध्ये घातलं का आठवत नाही, वहीत नाही म्हणजे बहुतेक नाहीच. क्रोमॅटोग्राम उघडला, २०० च्या पुढे आणि मग ४५० च्या आसपास दोन-दोन शिखरं आहेत, मी म्हटलं मशीनची काहीतरी गडबड असेल.

रोगकारक म्हणायला टीडीएच जीन लागतो असं वाचलंय, पण आमच्याकडे प्राइमर (पीसीआरने जीन शोधायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) नाहीत. आणि सिरोटायपिंगचा खर्च ऐकून गाइडनी हातच जोडले. मग टाइप करायचं तरी कसं?

निवृत्त_जंतुवाला

टीडीएच आणि टीआरएच, दोन्ही बघायचे. गोष्ट अशी आहे. १९५० साली ओसाकाकडे बारीक तारलीची अर्धवट सुकवलेली पिल्लं, शिरासू म्हणतात ते, खाऊन २७२ माणसं आजारी पडली आणि २० दगावली, त्यातून फुजिनो यांनी हा जंतू काढला. तेव्हा त्यांनी त्याला पाश्चुरेला वंशात टाकलं होतं! पुढे १९६३ ला साकाझाकी यांनी त्याला व्हिब्रिओत आणलं. म्हणजे वर्गीकरण चुकतं आणि दुरुस्त होतं, त्यात लाज नाही, पहिल्यांदा शुद्ध कल्चर जपून ठेवलेलं होतं म्हणून दुरुस्त करता आलं.

मग जपान्यांच्या लक्षात आलं की पेशंटच्या शौचातून निघालेले बहुतेक जंतू एका विशिष्ट खारट रक्त अगरवर रक्तपेशी फोडतात आणि समुद्रातून, माशांतून निघालेले बहुतेक फोडत नाहीत. त्याला कानागावा फेनॉमेनन म्हणतात, त्यामागचं विष म्हणजे टीडीएच. टीआरएच त्याचा जवळचा नातलग. खाडीतल्या तिसऱ्यांतून आलेल्या जंतूत हे दोन्ही नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून पुराव्याशिवाय "रोगकारक" लिहायचं नाही.

सिरोटाइप म्हणशील तर पॅराहिमोलिटिकसमध्ये ओ अँटिजेनचे तेरा आणि के म्हणजे बाहेरच्या वेष्टणाच्या अँटिजेनचे सत्तरच्या वर, अँटिसेरा जपानहून यायचे, एका एम.एस्सी.साठी कुणी मागवत नाही. पण त्याचं महत्त्व लक्षात ठेव. १९९६ साली कोलकात्याला हॉस्पिटलच्या पेशंटमध्ये अचानक ओ३:के६ चं प्रमाण वाढलं, त्याआधी हा जंतू म्हणजे वेगवेगळ्या सिरोटाइपची खिचडी असायची, एकाच सिरोटाइपने सगळीकडे पसरणं असं कुणी पाहिलं नव्हतं. मग तोच आग्नेय आशियात, जपानमध्ये, १९९८ ला अमेरिकेत टेक्ससच्या ऑयस्टरमध्ये. दर्यावर्दींनी वर ज्या जिनोमचा उल्लेख केला तो याच घराण्यातला.

आता गंमत म्हणजे या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ओ आणि के दोन्ही बदलले, सिरोटाइप वेगळा पण आतून तोच. म्हणून आता एमएलएसटी करतात. सात घरगुती जनुकं घ्यायची, म्हणजे जंतूला रोज जगायला लागणारी, डीएनएई, जायरबी, रेकए वगैरे, प्रत्येकाच्या अक्षरांच्या प्रकाराला नंबर, सात नंबरांचा संच म्हणजे सीक्वेन्स टाइप (एसटी). ती साथ पसरवणारी मंडळी एसटी३. डेटाबेस उघडा आहे, फुकट आहे. तुझा सात आकड्यांचा संच तिथे नसेल तर तो क्युरेटरकडे पाठवायचा, ते तपासतात आणि नवीन नंबर देतात. तेव्हा तू छाती फुगवून लिही "नवीन सीक्वेन्स टाइप", कुणी एक्झामिनर तुला हात लावणार नाही. आणि खाडीतल्या जंतूत नवीन एसटी मिळणं अजिबात दुर्मिळ नाही, कारण आपल्या खाड्यांतले कुणी फारसे तपासलेच नाहीत.

दर्यावर्दी_क्यूसी

सरांना जोडून. लोक विचारतात एवढं बारीक वर्गीकरण करून मिळतं काय. आमच्या धंद्यात काय मिळतं ते सांगतो. साल्मोनेलात सिरोटाइपला शहरांची नावं देतात, २५०० च्या वर आहेत, बरेली नावाचा पण एक आहे, आपल्या उत्तर प्रदेशातल्या बरेलीवरून. २०१२ ला अमेरिकेत ४२५ माणसं आजारी पडली, बहुतेक साल्मोनेला बरेलीने, कारण निघालं सुशीत घालतात तो ट्यूना, काट्यावरचा खरवडलेला गर, केरळातल्या एका कारखान्यातून गेलेला. पण बरेली एकट्याने काही सिद्ध होत नाही, बरेली कुठेही असतो. नुसत्या सिरोटाइपवर भांडलं असतं तर मालक म्हणाला असता आमचा कशावरून. त्यांनी पूर्ण जिनोम काढून एकेका अक्षराची तुलना केली, पेशंटचे आणि ट्यूनाचे एका फांदीवर आले आणि त्यांच्या अगदी शेजारी कोण तर त्याच भागातल्या, काही किलोमीटरवरच्या एका कोळंबी कारखान्यात आधी सापडलेला जुना आयसोलेट. तो कुणीतरी जपून ठेवला होता म्हणून.

आम्हाला तेव्हापासून झोप नाही. आता बर्फ कुठून आला, बर्फाचं पाणी कुठून आलं, सगळं विचारतात.

निवृत्त_जंतुवाला

उलटं उदाहरण पण हवं. २०११ ला जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ ची साथ आली, पन्नासच्या वर माणसं गेली. जंतू कोणत्या जातीचा ते भराभर कळलं, जिनोम काही दिवसांत नेटवर, जगभरचे लोक रात्र जागून तुलना करत होते. पण तो कुठल्या अन्नातून येतोय हे जिनोम सांगत नाही. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेतकऱ्यांचं वाटोळं झालं, आणि शेवटी निघाले मेथीचे मोड, इजिप्तहून आलेल्या दाण्यांचे. आपल्याकडे मोड आलेली मेथी उसळ करून खातात, तिकडे कच्ची.

तो जंतू वर्गीकरणालाही चकवणारा निघाला. आतड्याला चिकटून विटांसारखा रचणारा एक गट आणि शिगा विष बनवणारा दुसरा गट असे आम्ही शिकवायचो, हा पहिल्या गटातला असून त्याने दुसऱ्याचं विष उचललं होतं, एका विषाणूमार्फत. माझ्या फळ्यावरचा तक्ता पुसावा लागला. तसा शिगेला तरी कुठे वेगळा आहे, जनुकं बघितली तर ई. कोलायच, पण डॉक्टरांना नाव बदललं तर गोंधळ होईल म्हणून वेगळं ठेवलंय.

भाट्येकरीण

सॉरी उशीर झाला, गणपतीला गावी होते, तिकडे रेंज नाही. आणि इथे एक घोटाळा झाला. जाताना सगळे स्लँट आणि प्लेट नीट पॅक करून फ्रिजमध्ये ठेवून गेले होते, गौरी गणपती विसर्जन करून आले आणि सबकल्चर केलं तर काहीच वाढत नाही. दोनदा केलं. रडूच आलं. मे पासूनचं काम.

कुडाळची_लॅबवाली

अरे देवा. फ्रिजमध्ये?? व्हिब्रिओला थंडी सोसत नाही गं. बाकी सगळ्यांना फ्रिज, याला बाहेर. आम्ही शौचाचं सॅंपल केरी-ब्लेअरमध्ये घालून खोलीतल्या तापमानालाच ठेवतो. एखादी नळी बाहेर राहिली असेल बघ, स्टॅब (मऊ अगरमध्ये सुईने टोचून ठेवलेलं कल्चर) वगैरे, कपाटात, रॅकमागे.

दर्यावर्दी_क्यूसी

पूर्ण मेला असेल असं नाही, झोपी पण जातो, पण झोपलेल्याला उठवायच्या मागे लागू नकोस. पुण्याला पाठवलेल्यातलं काही उरलंय का? नाहीतर त्याच पेप्टोन वॉटरची बाटली?

भाट्येकरीण

मिळाली!! जूनमध्ये मऊ अगरची एक स्टॅब केली होती, झाकण घट्ट लावून ड्रॉवरमध्ये टाकलेली, ज्युनियरने लेबलवर "बीटी-७, फेकायची?" असं लिहिलेलं. फेकली नाही बिचारीने. त्यातून मिठाच्या पेप्टोनमध्ये घेतलं, सहा तासांनी टीसीबीएसवर.

आणि दर्यावर्दी दादा, तुम्ही म्हणालात तसंच. हिरव्या आणि पिवळ्या दोन्ही आल्या. एकाच स्टॅबमधून. पिवळीला सुट्टी केली, साध्या अगरवर घातली तर सकाळपर्यंत अख्ख्या प्लेटभर पसरलेली, व्हीपी झकास लाल, १० टक्के मिठात दाट गढूळ. म्हणजे अल्जिनोलिटिकस ना? हिरवी चार वेळा रेघली, आता फक्त हिरव्याच येतात. १० टक्क्यांत काही नाही, व्हीपी निगेटिव्ह, लायसिन पॉझिटिव्ह, आर्जिनिन निगेटिव्ह, यावेळी सगळीकडे मीठ घातलंय आणि वहीत पण लिहिलंय.

गाइडना प्लेट दाखवली. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले कॉन्फरन्सला आपण दोन आयसोलेटचं पोस्टर करू, शीर्षकातला "नवीन" मीच काढतो. तसे वाईट नाहीत हो ते, त्यांच्यावर पण पेपरचं प्रेशर असतं.

निवृत्त_जंतुवाला

शाब्बास. पिवळ्याला टाकू नकोस, त्यालाही नंबर दे. आणि दोन्ही ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेव, कॉलेजात नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे. साधा फ्रिज वेगळा आणि उणे ८० वेगळं हे आता तुला सांगायला नको. पोस्टरवर लिही: कुठल्या खाडीतून, कुठल्या तारखेला, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, मिठाचं प्रमाण. २० वर्षांनी कुणी तुझा आयसोलेट शोधेल तेव्हा त्याला तेच लागणार.

भाट्येकरीण

हो सर. अजून एक राहिलंच. प्राइमर नाहीत म्हणून नुसतंच आपलं, लॅबमध्ये युरियाच्या नळ्या उरलेल्या होत्या, मीठ घालून हिरवीला लावल्या. काल रात्री भडक गुलाबी झाल्या. पिवळी तशीच. परत केल्या, परत गुलाबी. बहुतेक पुस्तकांत पॅराहिमोलिटिकस युरिएज (युरिया फोडणारं एन्झाइम) निगेटिव्ह लिहिलंय. म्हणजे परत काहीतरी मिक्स झालं का?

दर्यावर्दी_क्यूसी

थांब. हिरवी, चार वेळा शुद्ध केलेली, युरिएज पॉझिटिव्ह, दोन्ही वेळा?

बहुतेक निगेटिव्ह असतात, बरोबर आहे. पण जे थोडे पॉझिटिव्ह असतात त्यांच्यात टीआरएच असण्याची शक्यता खूप, युरिएजची आणि टीआरएचची जनुकं जिनोममध्ये शेजारीशेजारी असतात. हा पुरावा नाही, पीसीआर करावाच लागेल, पण आता करण्यासारखा आहे. माझ्याकडे टीडीएच टीआरएच दोन्हीचे प्राइमर आहेत, मिरजोळ्याला आमच्या युनिटात, बाहेरचं कल्चर आत घ्यायला साहेबांची परवानगी लागते ती मी सोमवारी काढतो. गाइडचं पत्र घेऊन ये. स्टॅब नवीन कर, झाकणाला पॅराफिल्म, बाहेर दुसरी बाटली, तिच्याबाहेर तिसरा डबा, मधे कापूस. एसटी बसने कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

कुडाळची_लॅबवाली

आणि हातमोजे घाल आता. इतके दिवस तिसऱ्यांतला जंतू म्हणून तशीच करत असशील.

भाट्येकरीण

घालते. मंगळवारी सकाळी दहाला येऊ का? बर्फाचा डबा घरात आहे मासळीचा, त्यात

दर्यावर्दी_क्यूसी

बर्फ नको!!!